जैद बिन मुहम्मद ते जैद बिन हारिसा

इस्लाममध्ये दत्तक घेता येत नाही, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. हा नियम ज्या प्रसंगातून आला तो सांगायचा राहूनच जातो.

उकाजच्या बाजारात जैद नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. हजरत खदीजा (रजि.) यांच्यामार्फत तो पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. त्याचा बाप हारिसा शोध घेत, सोडवणुकीची रक्कम घेऊन मक्केला पोहोचला. निर्णय जैदवर सोपवला गेला. त्याने पैगंबरांजवळच राहायचे ठरवले. तेव्हा पैगंबरांनी तो आपला मुलगा असल्याचे जाहीर केले. लोक त्याला जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. पुढे मदिनेत सूरह अहजाबची आयत आली, की अशा मुलांना त्यांच्या जन्मदात्याच्या नावाने ओळखा. जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव बदलले, जिव्हाळा नाही. मुअताच्या मोहिमेचे सेनापतिपद त्यांनाच मिळाले. कुरआनात नावाने उल्लेख आलेले ते एकमेव सहाबी.

आणि बाप माहीतच नसेल तर? आयत पुढे सांगते, ते तुमचे दीनी भाऊ आणि मौला. हजरत सालिम असेच 'अबू हुजैफांचे मौला' म्हणून ओळखले गेले. ज्या चौघांकडून कुरआन शिका असे पैगंबरांनी सांगितले, त्यांत सालिम होते.

इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा १९२६ साली झाला आणि मूळ जन्मनोंद मुलापासून लपली. १८ वर्षांच्या दत्तक व्यक्तीला ती मागण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला. स्कॉटलंडने तो १९३० पासूनच दिला होता. १९७५ पूर्वीच्या दत्तकांना मात्र आधी समुपदेशकाला भेटणे सक्तीचे केले, कारण मूळ आयांना गुप्ततेचा भरवसा दिलेला होता. त्या आयांची बाजूही मला खोटी वाटत नाही.

आपल्याकडे २०१४ साली शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिमांनाही बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येते, असे स्पष्ट केले. आजच्या नियमांत १८ वर्षांनंतर मुळांचा शोध घेता येतो. जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असेल तर त्यांची संमती लागते. यावर आपल्यात वाद होतो तो फक्त 'जायज की नाजायज' एवढाच. त्या मुलाची मूळ नोंद कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

नात्यातले मूल वाढवणारी जोडपी शाळेच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहितात. मीही कैक वर्षे ते न विचारता उतरवून घेतले. पालकाचे नाव असा वेगळा रकाना अर्जात असतो, तो कोराच राहतो.