लुआ (प्रोग्रॅमिंग भाषा)

लुआ ही अन्य भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर्भूत करण्यासाठी घडवलेली स्क्रिप्टिंग भाषा आहे. वेगाची गरज असलेला मूळ भाग सी किंवा सी++ मध्ये लिहून वारंवार बदलणारा भाग लुआमध्ये ठेवणे, हा तिचा प्रमुख उपयोग होय.

इतिहास

रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुइझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी १९९३ साली रियो दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथोलिक विद्यापीठात लुआची निर्मिती केली. ब्राझीलमध्ये १९७७ ते १९९२ या काळात संगणक व सॉफ्टवेअरच्या आयातीवर कडक निर्बंध होते; त्यामुळे आवश्यक साधने देशातच तयार करण्याकडे कल होता. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी तेथे 'डेल' व 'सोल' या दोन लहान भाषा आधीच बनल्या होत्या. वापरकर्त्यांना अटी, लूप आणि फंक्शन यांची गरज भासू लागल्यावर दोहोंऐवजी एकच पूर्ण भाषा आणण्याचे ठरले. पोर्तुगीजमध्ये 'सोल' म्हणजे सूर्य. म्हणून नव्या भाषेला 'लुआ', म्हणजे चंद्र, हे नाव मिळाले.

पर्यायांचा विचार

त्या वेळी टीसीएल हाच खरा स्पर्धक होता. मात्र त्याची वाक्यरचना अपरिचित होती, माहितीच्या वर्णनासाठी पुरेशी सोय नव्हती आणि तो केवळ युनिक्सवर चालत असे. लिस्प व स्कीम यांची वाक्यरचना सोपी वाटत नव्हती, तर पायथन बाल्यावस्थेत होती. वापरकर्ते व्यावसायिक प्रोग्रॅमर नसल्याने सुलभता हा निर्णायक निकष ठरला.

सी भाषेशी जोडणी

लुआचा दुभाषक प्रमाणित सी भाषेत लिहिलेला असून तो लायब्ररीच्या रूपात मिळतो. दोन्ही भाषांमधील मूल्यांची देवाणघेवाण एका स्टॅकद्वारे होते. सीमधील फंक्शन लुआतून आणि लुआमधील फंक्शन सीमधून बोलावता येते. स्क्रिप्ट बदलल्यास मूळ सॉफ्टवेअर पुन्हा कंपाइल करावे लागत नाही.

मर्यादा

भाषेचा आकार लहान ठेवल्यामुळे तिची प्रमाणित लायब्ररीही मर्यादित आहे. अनेक सुविधा मुख्य सॉफ्टवेअरला पुरवाव्या लागतात. याद्यांचे क्रमांक प्रथेने १ पासून सुरू होतात. सीमध्ये ते ० पासून असल्याने दोन्ही भाषा एकत्र वापरताना चुका संभवतात. आवृत्त्यांमध्ये पूर्ण सुसंगतता नसते.

वापर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ, ॲडोबी लाइटरूम आणि रेडिस यांत लुआचा वापर होतो. २०१३ पासून विकिपीडियावरील गुंतागुंतीच्या साच्यांसाठीही ती उपलब्ध आहे. मराठी विकिपीडियातील अनेक साचे तिच्यावर चालतात.