किती लांबचं दिसतंय?

रंकाळ्यावर सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून उभं राहिलं की पाचेक मिनिटांत कुणीतरी शेजारी येतंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला : "किती लांबचं दिसतंय हो ह्यातनं?" मंडळी, प्रश्न साधा वाटतो, पण खोलात गेलं तर चुकीचा आहे. लांबचं तर साध्या डोळ्यांनीही दिसतं. चंद्र पावणेचार लाख किलोमीटर लांब आहे, दिसतो की नाही?

दुसरा प्रश्न किमतीचा. ऑस्ट्रियन किंवा जर्मन बनावटीची अव्वल दुर्बीण आज भारतात अडीच लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. बरी मोटारसायकल येते त्यात. आणि एवढे मोजून मिळतं काय, तर आठपट मोठं चित्र. दहा-पंधरा हजारांच्या दुर्बिणीतूनही आठपटच दिसतं! मग वरचे पैसे कशाचे? याचं उत्तर कॅटलॉगात सापडत नाही, इतिहासात सापडतं. म्हणून या विकांताला हा प्रपंच.

'दुर्बीण' हा शब्द फारसी. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. मराठीत एका नळीची असो वा दोन नळ्यांची, दोन्ही दुर्बिणीच. (आकाशदर्शनवाले दोन नळ्यांच्या दुर्बिणीला 'द्विनेत्री' म्हणतात. चांगला शब्द आहे, रुळायला हवा होता.) गंमत म्हणजे दोन नळ्यांची कल्पना एका नळीइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १६०८ मध्ये हान्स लिपरहे हा चष्मेवाला आपल्या नळीचं पेटंट मागायला हेग शहरात डच सरकारपुढे गेला. सरकारनं सांगितलं, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आण. त्यानं केलीही. पैसे मिळाले, पेटंट मात्र नाकारलं, कारण आणखीही लोक तोच दावा सांगत होते. आमच्या धंद्यात याला 'प्रायर आर्ट' म्हणतात. चारशे वर्षांत फारसं बदललेलं नाही!

तिथून पुढे जवळपास तीनशे वर्षं गाडी अडली. गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण चित्र सुलटं दाखवते, पण वर्धन वाढवलं की दृश्य किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं अरुंद होतं. केप्लरच्या पद्धतीत दृश्य ऐसपैस, पण चित्र उलटं. नाट्यगृहात नट डोक्यावर उभे दिसले तर कसं चालायचं? १८५४ मध्ये पोरो या इटालियन माणसानं तोडगा काढला : प्रकाश लोलकांमध्ये चार वेळा परावर्तित करून चित्र सुलटं करायचं. डिझाइन उत्तम, पण तेव्हाची काच त्या लायकीची नव्हती. लोलकात प्रकाशाला काचेतून बराच प्रवास करावा लागतो, त्यामुळे काचेतला प्रत्येक बुडबुडा, प्रत्येक रेघ नडते. सॉफ्टवेअर तयार, हार्डवेअरचा पत्ता नाही, अशी अवस्था.

ते हार्डवेअर जर्मनीतल्या येना गावात आलं. ओटो शॉट यांनी १८८४ मध्ये तिथे काचेचा कारखाना काढला, गणित एर्न्स्ट आबे यांचं, आणि १८९४ मध्ये झाइसची लोलकवाली दुर्बीण बाजारात आली. त्याच वर्षी इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. दोन्ही गोष्टींचा संबंध काही नाही, पण आपल्याला साल लक्षात ठेवायला बरं!

पुढच्या वीस वर्षांत कळलं की चांगली काच ही राष्ट्राची ताकद असते. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटनच्या लक्षात आलं की चांगली काच बहुतेक शत्रूकडूनच येत होती. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी जनतेला आवाहन केलं की घरातल्या दुर्बिणी सैन्याला वापरायला द्या. १९१५ मध्ये तर स्वित्झर्लंडमार्फत थेट जर्मनीकडेच दुर्बिणींसाठी बोलणी झाली. युद्ध चालू असताना, बरं का! अमेरिकेतही तीच रड. नौदलाचे तेव्हाचे उपमंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांकडून दुर्बिणी मागवल्या, भाडं फक्त एक डॉलर.

आता कोल्हापूरकडे वळू. आपल्या गावाला धातू कधी अडला नाही. फाउंड्री घ्या, ऑइल इंजिन घ्या, उद्यमनगरात नमुना दाखवला की वस्तू तयार. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी इथेच सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. नाद खुळा काम! पण त्या काळी देशात दृक्‌काच बनतच नव्हती. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेनं ती बनवायला घेतली ते १९६० च्या सुमारास. लेथवर हात बसायला काही वर्षं पुरतात. काच वितळवून, ढवळून, ताण न राहता अगदी सावकाश थंड करण्याची विद्या पिढ्यांची असते, आणि ज्यांच्याकडे ती असते ते ती सांगत नाहीत.

आता पैशाचा हिशोब. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरा. ०.९६ चा दहावा घात करा, उरतो सुमारे ६६ टक्के. एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळाला, वर त्यातला काही आत भटकून चित्र धुरकट करतो. १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर देऊन हे थोपवलं, आणि ते युद्धात गुपितच राहिलं. आजच्या बहुथरी लेपानं पृष्ठभागामागे गळती अर्ध्या टक्क्यावर आणली, तर तोच हिशोब ९५ टक्के देतो. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलकांमुळे तपशील किंचित पुसट व्हायचे. त्यावरचा कलालेप १९८८ मध्ये आला. म्हणजे अडीच लाख आठपटीचे नाहीतच. ते शेवटच्या दहा-वीस टक्के प्रकाशाचे आहेत.

हा प्रकाश कुणाला लागतो? पूर्वी तोफखान्याला आणि शिकाऱ्याला. पक्ष्यांचा अभ्यासही बंदुकीनंच व्हायचा. ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स'मध्ये विडाल यांची दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची यादी १८८० मध्ये आली. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा. १९०१ मध्ये एडमंड सेलूस यांनी बंदूक ठेवा, दुर्बीण घ्या असं लिहिलं, ते लोकांना पटायला वेळ लागला. आपलं दाजीपूर पाहा. कोल्हापूरच्या राजांचं राखीव शिकारीचं रान, १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. आज तिथे पहाटे सव्वासहाला गर्द झाडीत राखी धनेश फळ खाताना त्याच्या डोळ्याची पापणी दिसावी यासाठी कुणी अडीच लाख मोजतो. मला ही चैन वाटत नाही. ज्या काचेसाठी राष्ट्रं शत्रूपुढे हात पसरत होती, ती आता एखाद्या शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या गळ्यात असू शकते, हा बदल थोडाथोडका नाही.

तरी घेण्याआधी दोन गोष्टी. ८×४२ घ्या. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, अंधुक उजेडात बाहुली साधारण तेवढी उघडते. वय वाढलं की ती कमी उघडते, तेव्हा पन्नाशी उलटलेल्यांनी हलकी ८×३२ बघायला हरकत नाही. आणि पहाटेच्या रानात जायचंच नसेल, फक्त दिवसा रंकाळ्यावर बदकं पाहायची असतील, तर पंधरा हजारांची पोरो लोलकवाली उत्तम. उरलेल्या पैशांत राधानगरीच्या पुष्कळ फेऱ्या होतील.

दुसरं, आपला पाऊस. आत नायट्रोजन भरलेला असला तरी बाहेरच्या काचेवर बुरशी धरते, आणि ती लेप खाते. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, पुडी फिकी पडली की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत आत. आणि महिन्यातून एकदा तरी उन्हात काढा, पण तोंड सूर्याकडे अजिबात करू नका. सूर्य दुर्बिणीतून पाहायचा नसतो, कितीही महागाची असली तरी!