भोपळा कधी लावायचा? तारीख नसलेलं साधन वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात भोपळ्याची लागवड पूर्वी कधी करत, हे मला शोधायचं होतं. वसंतात शेवटचं दव कधी गोठतं, शरदात पहिलं कधी, अशा तारखाच मी शोधत बसलो.

हाती आलं गिल्बर्ट विल्सनचं १९१७ चं पुस्तक. हिदात्सा जमातीच्या शेतीवरचा हा त्याचा मिनेसोटा विद्यापीठातला पीएचडीचा प्रबंध. पण त्यात बोलते १८३९ च्या सुमारास जन्मलेली बफेलो बर्ड वुमन, आणि दुभाषा तिचा मुलगा. म्हणजे तिचं बोलणं आपल्यापर्यंत दोघांच्या हातून येतं. साधन वाचताना हे आधी वहीत टिपून ठेवा.

तिच्याकडे तारीख नाही. सरपणाला रानात जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका रानगूजबेरीची झुडपं (आपला आवळा नव्हे, शब्दकोशावर विसंबू नका) जवळपास पूर्ण पालवलेली बघत आणि मका पेरायला लागा म्हणून सांगत. भोपळ्याची पाळी मे संपता संपता, नाहीतर जून लागल्यावर. तेही बी थेट मातीत नाही. बायसनच्या केसाळ कातड्यावर ओलं गवत पसरायचं, भिजवलेलं बी पाल्यात कालवून त्यावर ठेवायचं, गुंडाळी करून घरात विस्तवाच्या जरा बाजूला टांगायची. दोन-तीन दिवसांत मोड येत. मग शेतात.

आता बघा. तिथे मे महिन्यातही दव गोठतं, सप्टेंबरात पुन्हा. भोपळ्याला साधारण तीन-चार महिने लागतात आणि थंड मातीत बी कुजतं. घरात मोड आणले की तेवढे दिवस हातात राहतात. पटतं ना? मलाही पटलं, आणि मी सरळ लिहून टाकलं की हिदात्सा बायका दव टाळायला असं करत. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने विचारलं, ‘हे कोण म्हणतंय?’ म्हणत मीच होतो. तिने कृती सांगितली होती, कारण मी जोडलं होतं. ते वाक्य ‘माझा अंदाज’ म्हणून पुन्हा लिहावं लागलं.

मग वाटलं, जाऊन पडताळावं. पण १९५३ मध्ये गॅरिसन धरणाने मिसुरी अडवली आणि नदीकाठची ती शेतं जलाशयाखाली गेली. त्या भागाचे हवामानाचे आकडे आज मिळतात, पण ते तिच्या मातीचे नाहीत.