मध्ययुगांतील बायबलचे भाष्यकार



कोणताहि ग्रंथ एकदां ईश्वरप्रणीत मानला, म्हणजे त्याच्या वाचकावर मोठी जबाबदारी येऊन पडते. सामान्य पुस्तकांत दोन विधानें परस्परांशीं जुळलीं नाहींत, तर लेखकाची चूक झाली असें म्हणून आपण पुढें जातों. ईश्वराच्या शब्दाविषयीं असें म्हणण्याची सोय नसते. तेथें शब्द सोडतां येत नाहीं आणि बुद्धीहि गुंडाळून ठेवतां येत नाहीं. आपल्याकडे मीमांसकांनीं वेदवाक्यांची एकवाक्यता करण्यासाठीं जे श्रम घेतले, ते याच अडचणीपोटीं. युरोपांतील ख्रिस्ती पंडितांपुढेंहि हीच अडचण शेंकडों वर्षें उभी होती. तिच्यांतून वाट काढतां काढतां ते कोठें जाऊन पोंचले, याचा थोडा विचार आज करूं.

अडचण बायबलच्या पहिल्याच पानावर सुरू होते. प्रकाश पहिल्या दिवशीं उत्पन्न झाला आणि सूर्य चौथ्या दिवशीं, असें तेथें सांगितलें आहे. मग सूर्यावांचून पहिले तीन दिवस झाले कसे? थोडें पुढें गेलें कीं याकोबाची कथा येते. हातांना करडांचीं कातडीं गुंडाळून, आपणच थोरला मुलगा आहों असें तो दृष्टि गेलेल्या बापाला भासवितो आणि भावाचा आशीर्वाद मिळवितो. हें असत्य नव्हे तर काय?

या प्रश्नांशीं झुंजण्याचीं साधनें मध्ययुगाला मिळालीं तीं मुख्यतः उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याच्याकडून. दुर्बोध वचनाचा अर्थ सुबोध वचनांच्या आधारें लावावा, आणि ज्याचा वाच्यार्थ ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील प्रेमाला बाधक होतो तें वचन रूपक समजावें, असे त्याचे नियम होते. याकोबाचें बोलणें त्यानें असत्य न मानतां गूढार्थाचें मानलें. सृष्टीचे ते दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत, असें सुचविलें. शिवाय एक इशाराहि दिला. आकाश व ग्रहतारे यांचें ज्ञान असलेल्या परधर्मीयांपुढें बायबलच्या नांवानें भलतीं विधानें केलीं, तर ते त्या ग्रंथालाच हंसतील!

ऑगस्टीनचा समकालीन जॉन कॅसियन यानें एकाच शब्दाचे चार अर्थ कसे होतात तें यरुशलेम या नांवावरून दाखविलें. इतिहासदृष्ट्या तें यहुद्यांचें नगर, रूपकानें ख्रिस्ताची मंडळी, नीतीच्या दृष्टीनें मनुष्याचा आत्मा, आणि पारलौकिक दृष्टीनें स्वर्गांतील नगरी. मध्ययुगभर ही चौकडी चालली. तिच्यांत सौंदर्य आहे, पण धोकाहि आहे. चार अर्थांची मुभा मिळाली म्हणजे पांचवा काढणाराहि भेटतोच.

या स्वैरपणाला आळा घालण्याचें काम बाराव्या शतकांत पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठांत झालें. तेथील ह्यू (मृत्यु ११४१) यानें इमारतीचा दृष्टांत देऊन सांगितलें, कीं आधीं पाया, मग भिंती, शेवटीं रंग. त्याप्रमाणें आधीं इतिहास, मग रूपक, मग नीतिबोध. आम्ही मास्तर लोक कविता शिकवितांना अन्वय लावल्याशिवाय मुलांना भावार्थाला हात लावूं देत नाहीं, तोच हा न्याय.

ह्यूचा शिष्य अँड्र्यू (मृत्यु ११७५) यानें हा पाया फारच मनावर घेतला. जुना करार मुळांत मुख्यतः हिब्रू भाषेंत. हातीं मात्र जेरोमचें लॅटिन भाषांतर. मग शब्दाचा खरा अर्थ विचारावयाचा कोणाला? शेजारच्या यहुदी पंडितांना! उत्तर फ्रान्समध्यें त्र्वा येथील राशी (१०४०–११०५) या थोर यहुदी भाष्यकारानें शब्दार्थावर भर देणारी परंपरा घालून दिली होती. अँड्र्यूनें तिचा निःसंकोच उपयोग केला. यशयाच्या ग्रंथांत एक स्त्री गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल असें वचन आहे. ख्रिस्ती लोक तें कुमारी मरियेविषयींचें भाकित मानतात. मूळ शब्दाचा अर्थ केवळ ‘तरुण स्त्री’ असें यहुदी म्हणतात. अँड्र्यूनें यहुद्यांचा पक्ष मांडला आणि त्याचें सविस्तर खंडन केलें नाहीं. त्याच मठांतील रिचर्डला हें इतकें झोंबलें, कीं त्यानें त्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

याच शतकांत पीटर आबेलार (१०७९–११४२) यानें ‘होय आणि नाहीं’ अशा नांवाच्या ग्रंथांत १५८ प्रश्न घेऊन प्रत्येकाखालीं पूर्वाचार्यांचीं परस्परविरुद्ध वचनें मांडलीं. निर्णय दिला नाहीं. कसोट्या मात्र दिल्या. लेखनिकाचा हस्तदोष आहे काय, शब्द भिन्न अर्थानें आला आहे काय, आचार्यानें तें मत पुढें बदललें होतें काय, हें पाहावें. संशय हा शोधाचा आरंभ आहे, ही त्याची भूमिका. अशा बुद्धीला त्या काळीं किंमत मोजावी लागे. ११२१ सालीं सोआसाँ येथील धर्मसभेनें त्रैक्यावरील त्याचा ग्रंथ त्याच्याच हातानें अग्नींत टाकावयास लावला.

तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यानें या साऱ्या वादाला शिस्त लावली. गूढार्थ कितीहि असोत, वादांत प्रमाण मानावयाचें तें वाच्यार्थालाच, असें त्यानें ठरविलें. सृष्टीच्या प्रश्नावर ऑगस्टीनला स्मरून तो म्हणतो, कीं शास्त्रवचन सत्य मानावें. परंतु त्याचा आपण लावलेला अर्थ खोटा ठरला, तर तो सोडण्याची तयारी ठेवावी. ग्रंथ अचूक असेल, पण वाचक अचूक नाहीं, हा विवेक मला त्या युगाचें मोठें धन वाटतो.

तरीहि सर्वांना तो पेलला नाहीं. अक्वायनस पॅरिसला येण्याच्या थोडींच वर्षें आधीं, १२४२ सालीं, त्याच शहरांत यहुद्यांचे तल्मूद ग्रंथ गाड्या भरभरून आणून जाळण्यांत आले. १३०६ सालीं राजानें यहुद्यांना फ्रान्समधून हांकून दिलें. पुढें १३२२ ते १३३१ या काळांत नॉर्मंडींतील लीर गांवचा फ्रान्सिस्कन भिक्षु निकोलस (मृत्यु १३४९) यानें संपूर्ण बायबलवर शब्दार्थनिष्ठ भाष्य लिहिलें. अँड्र्यूनें ज्यांना प्रत्यक्ष भेटून विचारलें, त्यांचे वंशज देशोधडीला लागले होते. निकोलसनें हिब्रू शिकून राशीच्या ग्रंथालाच विचारलें आणि पानोपानीं त्याचें नांव घेतलें. निकोलस यहुद्यांचा पक्षपाती नव्हता. त्यांच्या मतांविरुद्धहि त्यानें लिहिलें. परंतु शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक, त्याला विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें तो जाणत होता. त्याचें भाष्य १४७१–७२ मध्यें रोम येथें छापलें गेलें आणि मार्टिन लूथरलाहि उपयोगी पडलें.

कठीण वचन टाकून देणें सोपें. त्याला सोयीचा अर्थ चिकटविणें त्याहून सोपें. तें वचन समोर ठेवून, ज्यांच्याशीं आपला मतभेद आहे त्यांच्या दारींहि अर्थ विचारावयास जाणें, हें अवघड. अँड्र्यू आणि निकोलस हे असे गेले. त्यांच्याच धर्मबांधवांनीं पॅरिसमध्यें यहुद्यांचे ग्रंथ जाळले, तेव्हां आपल्या स्वतःच्या ग्रंथाचा अर्थ सांगणारांचेंहि तोंड आपण बंद करीत आहों, हें मात्र त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.