तंजावरची मराठी घरे आणि इंग्रजी विद्या

मुलांचे इंग्रजी वाढले की घरची मराठी खुंटते, ही समजूत महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींत फार दृढ आहे. तंजावरचा इतिहास पाहता ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण जाते.

१६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि कावेरीकाठी मराठी कुटुंबे स्थिरावली. त्यांच्या घरात मराठी होती, बाजारात तमिळ. दरबारात मराठीबरोबर तेलुगू व संस्कृत यांनाही मान होता. अनेक भाषांत वावरण्याची ही सवय इंग्रजीच्या पूर्वीच त्यांच्या अंगवळणी पडली होती. सरफोजीराजे (१७९८–१८३२) श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली इंग्रजी शिकले. परंतु त्याच राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवालयात भोसले कुळाचा प्रदीर्घ इतिहास मराठीत कोरवून घेतला, आणि १८०६ साली त्यांच्या मुद्रणालयात इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून निघाले. इंग्रजी विद्येने येथे मराठीत भरच घातली.

दुसरी गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांत महसुली दप्तर मराठीतून चाले. तेथे मराठी हीच नोकरी मिळवून देणारी भाषा होती. पुढे ते स्थान इंग्रजीकडे गेले, तेव्हा या लेखणीबहाद्दर कुळांनी इंग्रजीही तितक्याच तत्परतेने हस्तगत केली. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासला पॉवेल यांच्या हाताखाली शिकले, आणि त्रावणकोर, इंदूर व वडोदरा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. इंदूर व वडोदरा येथील राजघराण्यांची भाषा त्यांच्या घरचीच होती. त्यांचे आप्त आर. रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण होते.

मग तंजावरच्या मराठीला ओहोटी कशाने लागली? १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. त्याबरोबर मराठीत लिहिण्याचे प्रयोजनच संपले. मोडी कागद सरस्वती महालाच्या दप्तरात राहिले. घरोघर मराठी बोलली जात राहिली, तिच्यात तमिळ शब्द मिसळत गेले. पण वाचन-लेखन तमिळ व इंग्रजीच्या स्वाधीन झाले. पूर्वजांची भाषा बोलणाऱ्या नातवंडांना पूर्वजांचे कागद मात्र वाचता येईनासे झाले.

म्हणून दोष इंग्रजीच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही. स्वयंपाकघराने भाषेचा बोल दीडशे वर्षांहून अधिक काळ सांभाळला. तिचे अक्षर सांभाळणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ते काम शाळेचे, ग्रंथालयाचे आणि आपल्यासारख्या संस्थांचे होय. मुले घरी मराठी बोलतात एवढ्यावर समाधान मानणाऱ्या शिक्षकाने, ती मराठी वाचतात काय आणि त्यांना मराठीत लिहिण्याचे काही निमित्त मिळते काय, हेही विचारले पाहिजे.