फिश टँकमधले मासे का मरतात? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

नवी काचेची टाकी येते, पाणी भरलं जातं, मासे सोडले जातात. पहिले काही दिवस मजेत जातात. मग एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन हापसायला लागतो, दुसरा कोपऱ्यात निपचित पडतो आणि सकाळी दोघंही तरंगताना दिसतात. पाणी आरशासारखं स्वच्छ, अंगावर एक डागही नाही. 'काहीच कारण नव्हतं हो' असं घरोघरी म्हटलं जातं.

आज कारण सांगता येतं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत वाळूवर आणि फिल्टरमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, त्यामुळे अमोनिया साचत जातो. त्यातही पीएचचा खेळ असतोच. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का जास्त विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण शेजाऱ्याचे मासे जगतात आणि आपले मरतात.

पण हा ब्लॉग इतिहासाचा आहे. त्यामुळे आपला प्रश्न वेगळा: हे कारण माहीत नव्हतं तेव्हा लोकांना या मेलेल्या माशांत काय दिसत होतं?

सुरुवात लंडनपासून करू. रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथल्या अपोथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ. १८४९ मध्ये त्याने सुमारे १२ गॅलनचं, म्हणजे साधारण ५४ लिटरचं काचपात्र घेतलं, ते अर्धं पाण्याने भरलं, तळाशी वाळू, चिखल आणि चुनखडीचे दगड टाकले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन गोल्डफिश सोडले. वनस्पती ऑक्सिजन देतील, मासे कार्बन डायऑक्साइड देतील आणि हिशोब जुळेल, ही कल्पना. काही दिवसांनी जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं आणि मासे धोक्यात आले. मग त्याने पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. पुढे फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' १८५४ मध्ये आलं. त्याआधी वर्षभर, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं होतं. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठल्यामुळे काचही स्वस्त झाली होती. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात टाक्या आल्या आणि त्यांच्यासोबत मेलेले मासेही आले.

त्या काळचा शब्द होता 'समतोल'. मासा मेला म्हणजे समतोल बिघडला: वनस्पती कमी पडल्या, मासे जास्त झाले, ऊन जास्त लागलं किंवा मेलेला जीव वेळेत बाहेर काढला नाही. बारकाईने वाचलं तर लक्षात येईल की यातलं प्रत्येक कारण शेवटी पाळणाऱ्याच्या हलगर्जीपणापाशी येऊन थांबतं. समतोल ही रसायनशास्त्राची कल्पना होती खरी, पण घरात शिरल्यावर ती शिस्तीची कल्पना झाली. माझ्या मते या टाक्यांचा इतिहास लिहिताना सगळ्यात जास्त थांबण्याची जागा हीच आहे. विज्ञानाची संज्ञा घरात आली की ती कोणावर ठपका ठेवते, हे बघायचं.

आता गंमत बघा. वॉरिंग्टनचं पात्र खरोखर चाललं, पण त्याने दिलेलं कारण अर्धंच होतं. वनस्पती फक्त ऑक्सिजन देत नव्हत्या, अमोनियाही शोषून घेत होत्या. तळच्या वाळू-चिखलात जिवाणूंना घर मिळालं होतं. गोगलगायींचं श्रेयही थोडं तपासूनच द्यायला हवं, कारण त्या स्वतःही अमोनिया टाकतात. त्याच्या हिशोबात वायूंची देवाणघेवाण होती, नायट्रोजनचं खातं उघडलेलंच नव्हतं.

ते खातं उघडलं शेतीने आणि सांडपाण्याने. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग तो नायट्रेटमध्ये बदलू लागला. क्लोरोफॉर्म दिल्यावर प्रक्रिया थांबली आणि नंतर थोडी माती मिसळल्यावर पुन्हा सुरू झाली. नुसती रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस वाट कशाला बघितली असती? काम जिवंत घटकांचं होतं. नवी टाकी काही आठवडे 'मुरू द्यावी' असं आज सांगतात, ती वाट आणि ही वाट एकाच जातीची.

इंग्लंडमध्ये हे काम रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पुढे नेलं रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. नाव ओळखीचं वाटलं ना? हा मुलगा. वडील आणि मुलगा दोघांचं नाव एकच, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघांचे लेख केमिकल सोसायटीच्याच नियतकालिकात. कॅटलॉगमध्ये शोधताना जन्मवर्षं (१८०७ आणि १८३८) बघितली नाहीत तर हमखास घोटाळा होतो, म्हणून हे आत्ताच टिपून ठेवा. धाकट्या वॉरिंग्टनने दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं, आधी नायट्राइट, मग नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे आहेत. ते शुद्ध स्वरूपात वेगळे करणं त्याला जमलं नाही. जिलेटिनवर जिवाणू वाढवायची तेव्हाची रूढ पद्धत या जिवांना मानवत नव्हती. ते काम १८९० च्या सुमारास झ्युरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांनी केलं.

वडिलांच्या टाकीतलं कोडं मुलाने सोडवलं, ही गोष्ट इतकी गोड आहे की कुणालाही प्रस्तावनेत घालावीशी वाटेल. घालू नका. मुलगा वडिलांच्या प्रयोगशाळेत शिकला हे खरं, पण त्याचा प्रश्न होता मातीतलं नत्र कुठे जातं हा. गोल्डफिशचा नव्हता. दोन प्रश्नांना जोडणारी रेषा आपण आजच्या ज्ञानातून ओढतो, ती त्यांच्या कागदांतून आलेली नसते.

हीच अडचण मेलेल्या माशांची. समजा, १८५० च्या दशकातलं एक पत्र तुमच्या हाती लागलं: 'टाकी नवीन, पाणी स्वच्छ, चौथ्या दिवशी सगळे मासे गेले.' लगेच 'अमोनियाची विषबाधा' लिहायला हात शिवशिवतो. पण रात्री ऑक्सिजन कमी पडला असेल. खिडकीतल्या उन्हाने पाणी तापलं असेल. टाकीच्या सांध्यातल्या लुकणातलं किंवा रंगातलं शिसं पाण्यात उतरलं असेल. अंगावर पांढरे ठिपके होते असं पत्रात असेल तर परजीवीचा विचार करता येतो. त्या परजीवीचं वर्णन फूके यांनी १८७६ मध्ये केलं, पण ठिपके त्याआधीही दिसत असणारच. पत्रात फक्त 'गेले' असेल तर आपणही तिथेच थांबायचं. निदान करायचंच तर 'असू शकेल' या क्रियापदात करा, आणि कोणता पुरावा असता तर खात्री झाली असती तेही लिहा. पीएच, तापमान, मासे किती, पाणी किती, यातलं त्या पत्रात काय आहे आणि काय नाही याची यादी हाच तुमच्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद होऊ शकतो.

एक प्रश्न मला चर्चासत्रात नेहमी विचारतात: आता तरी कारण पक्कं माहीत आहे ना? बऱ्यापैकी. विनोग्राड्स्कींनंतर जवळजवळ शंभर वर्षं पुस्तकांत ठरलेलं होतं की टाकीतलं नायट्राइट नायट्रोबॅक्टर संपवतो. १९९८ मध्ये हॉवनेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियममधले जिवाणू डीएनएच्या आधारे तपासले, तर तिथे काम करताना सापडला नायट्रोस्पायरा. २०१५ मध्ये तर दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की नायट्रोस्पायराचे काही प्रकार अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकटेच पार करतात. त्यातल्या एका गटाचा जिवाणू सापडला होता तो मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये.