बुलेटची गळती आणि घरची पॅकिंग

जुन्या बुलेटखाली रात्रभरात ऑइलचे थेंब जमतात, ही त्या गाडीची खोडच, असे सरसकट म्हटले जाते. पण गळतीची कारणे इंजिनाच्या घडणीत आहेत आणि ती एकेक करून शोधता येतात. 350 म्हणून ओळखले जाणारे हे इंजिन मोजायला गेले तर 346 सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर. 1940च्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंडमधील रेडिच येथे घडले. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली, 1957 मध्ये रेडिचची यंत्रसामग्री तिच्याकडे आली आणि 1962पर्यंत सगळे भाग इथेच बनू लागले. इंग्लंडमधले उत्पादन 1970 मध्ये थांबले. भारतात मात्र तेच बिडाच्या सिलिंडरचे इंजिन किरकोळ बदलांसह 2010च्या सुमारापर्यंत निघत राहिले. त्यामुळे जुनी गळती आणि ती थांबवण्याची जुनी रीत दोन्ही इथे टिकल्या.

ही रीत शहरातल्या मोठ्या गॅरेजांपेक्षा रस्त्याकाठच्या गावांत अधिक काळ चालली. हिंगोली–वाशीम रस्त्यावरचे कनेरगाव नाका हे तसे गाव. 1948पर्यंत निजामाचे हैदराबाद संस्थान आणि 1947पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात असलेले वऱ्हाड यांची हद्द या भागात पैनगंगेच्या आसपास होती. संस्थानाचे जकात खाते वेगळे होते, त्याला करोडगिरी म्हणत. सीमेवरच्या गावाच्या नावाला नाका जोडला जाणे या मुलखात नवलाचे नव्हते. पुढे हद्द पुसली गेली. गाव आज हिंगोली जिल्ह्याच्या कडेला, वाशीमला लागून आहे. अशा ठिकाणी गाडी बिघडली की भाग आणायला जिल्ह्याचे गाव गाठावे लागे. बसच्या एका फेरीत दिवस जाई. म्हणून जे घरी करता येईल ते घरीच करायचे, हा हिशेब होता.

घरी करण्याचे ज्ञान मोटारसायकलीच्या आधीच खेड्यात आलेले होते. ते आणले विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली, आणि वीज पोचेपर्यंत मराठवाड्यातल्या बागायतीचा मोठा भार अशा इंजिनांवर होता. उन्हाळ्यात भर पिकात इंजिन बंद पडले तर मिस्त्रीची वाट पाहत बसणे परवडत नसे. हेडचे नट कोणत्या क्रमाने आवळायचे, पॅकिंग कशी कापायची, ऑइलला डिझेलचा वास येतो का, हे शेतकरी तिथेच शिकला. बुलेट दारात आली तेव्हा त्याचे हात तयार होते. गळतीच्या दुरुस्तीच्या इतिहासात या विहिरीवरच्या शिक्षणाचा वाटा कारखान्याच्या माहितीपुस्तिकेपेक्षा मोठा मानावा लागतो.

दुरुस्तीची सुरुवात पाना घेऊन होत नाही, इंजिन धुण्यापासून होते. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन फासळ्या, कव्हरांच्या कडा, नटांचे कोपरे लख्ख करायचे, कोरडे पुसायचे आणि संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. इंजिन दहा मिनिटे चालवले की पांढऱ्या पावडरीवर एक काळपट रेघ उमटते. तिचे वरचे टोक म्हणजे गळतीची जागा. ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे क्वचितच दोष असतो.

त्यानंतर ब्रीदर पाहायचा. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. तो तुंबला की ती हवा प्रत्येक सांध्यातून ऑइल ढकलते. मग कितीही नवी पॅकिंग घातली तरी आठवड्यात गळती परत. जुन्या कारागिराची खरी पारख इथे कळते. पॅकिंगला हात घालण्याआधी जो ब्रीदर तपासतो, त्याच्याकडे गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. गाडी खूप दिवस उभी राहिली तर टाकीतले ऑइल पंपामधून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते आणि चालू करताच ब्रीदरमधून भसाभस बाहेर येते. त्याला गळती समजून इंजिन खोलले जाते, हे वारंवार घडते.

सांधा खराब असेलच तर पॅकिंग घरी कापता येते. पॅकिंगचा कागद कव्हरवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकायचे. धातूची कड कागद कापत जाते. बोल्टच्या भोकांवर छर्रा ठेवून एकच ठोका द्यायचा. कव्हर वाकलेले असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून आठाच्या आकड्यात घासायचे. चमक सगळीकडे सारखी आली की पृष्ठभाग सपाट झाला. हेडकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळीची तांब्याची वायसरे चुलीत लाल करून पाण्यात टाकली की नरम होतात आणि पुन्हा बसतात.

डाव्या बाजूचे चेन कव्हर एकाच मधल्या नटावर बसते. गळती थांबावी म्हणून तो जोरात ओढला की कव्हर वाकते आणि गळती वाढते. टॅपेट कव्हरचेही तसेच. बुलेटच्या अल्बियन पद्धतीच्या गिअरबॉक्समध्ये मूळची योजना पातळ ग्रीसची होती. त्यात पातळ ऑइल भरले तर ते बाहेर येणारच, त्यात पॅकिंगचा दोष नसतो.

पूर्वी सांध्याला शेलॅक लावत, नंतर सिलिकॉन आले. ते सोयीचे खरे, पण जास्त लावले तर आत सुटलेली गुठळी ऑइलच्या वाटेत अडकू शकते आणि क्रँकवरचे बिगएंड बेअरिंग कोरडे पडते. बाहेरची गळती बंद करताना आतला वंगणपुरवठा तोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि त्याच सुमारास बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. जपानी आरेखनाच्या इंजिनांचे सांधे अचूक कापलेले, गळती जवळपास नव्हती. दारातल्या गाडीचे इंजिन उघडण्याचे कारण उरले नाही. घरोघरचे हे काम मग जुन्या बुलेट सांभाळणाऱ्यांपुरते राहिले. त्यांच्यासाठी पॅकिंगचा कागद ऑटोमोबाइलच्या दुकानात अजून सुट्टा मिळतो, घरी नेऊन हवा तसा कापायला.